शेवटचे दोन लिटर

अंकल कुठल्याच भांड्यातलं तळाचं खायचे-प्यायचे नाहीत. चहाच्या कपात बोटभर चहा राहायचा, वाटीत चमचाभर आमटी राहायची. आणि त्यांच्यासमोर बसून मी वाटी बोटाने पुसून चाटायला लागलो की त्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. "सातारा, तळातलं नको खाऊ मॅन. सगळा बिघाड तळात जाऊन बसतो." मी साताऱ्याचा, म्हणून माझं नाव सातारा. नऊ वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो, पण या माणसाने मला कधी माझ्या नावाने हाक मारली नाही. मीही त्यांना अंकलच म्हणायचो. सुरुवातीला त्यात प्रेमबिम काही नव्हतं. इथे, दुबईजवळच्या अजमानमध्ये, ज्याच्या नावावर फ्लॅट असतो आणि ज्याच्याकडून आपण खोली घेतो, त्याला सगळे अंकलच म्हणतात.

ते वसईचे. दुबईच्या बर दुबई भागातल्या एका हॉटेलात बावीस वर्षं होते, बारमध्ये. ग्लास पुसण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी खालच्या थंड खोलीचे, बीअरच्या पिंपांचे आणि पाइपांचे मालक झाले. मालक हा शब्द त्यांचाच. पाइप साफ झालाय की नाही हे ते दारातूनच सांगायचे. त्यांच्या नाकाच्या गोष्टी हॉटेलात अजून सांगतात म्हणे. मी स्वतः पाहिलेली एकच सांगतो. एकदा खालून, पार्किंगमधून त्यांचा फोन आला, "गॅस बंद कर, खिडक्या उघड, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस." मी स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर रेग्युलेटर खरंच ढिला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर! वर आल्यावर मी पायाच पडायला गेलो तर म्हणाले, "यल्ला, चल, चहा टाक."

घरातला तिसरा माणूस म्हणजे भाई. खेडचा, टॅक्सी चालवायचा, पाच वेळची नमाज पढायचा. अंकल घरात जे काही करायचे त्याबद्दल भाईचं धोरण ठरलेलं होतं. "मी काय बघितलंच नाय हा," असं म्हणून तो आपली खोली आतून लावून घ्यायचा.

अंकल जे करायचे ते म्हणजे घरी बीअर बनवणं. कायद्यात बसत नाही, पकडले गेलो असतो तर तिघंही पहिल्या विमानाने परत, हे तिघांनाही माहीत होतं. मी एकदा चिडून विचारलं, "अंकल, तुम्ही दिवसभर बीअरमध्येच असता की! घरी कशाला हा उद्योग?" ते म्हणाले, "तिथली कंपनीची. ही माझी." नाताळाच्या आधी एकदा आणि ईस्टरच्या आधी एकदा, एवढंच. प्यायचे किती? दोन ग्लास. बाकी सगळी वाटून टाकायचे.

त्यांचं सगळं मुळापासून असायचं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून जव आणायचे. पंधरा दिरहॅमचं पोतं, "म्हणजे साडेतीनशे रुपये झाले की रे," असं दर वेळी मोठ्याने बोलून दाखवायचे. ते जव भिजवून चादरीवर पसरून मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, तव्यावर भाजायचे. मग भरडून कोमट पाण्यात ठेवायचे. ते गाळून जे गोड पाणी निघायचं त्याला ते वर्ट म्हणायचे, आम्ही म्हणायचो काढा. हा काढा बिर्याणीच्या मोठ्या पातेल्यात तासभर उकळायचा. त्यात हॉप्स नावाच्या कडवट पाल्याच्या गोळ्या पडायच्या. त्या गोळ्या त्यांची विमानात काम करणारी भाची चहाच्या डब्यातून आणून द्यायची. वास बाहेर जाऊ नये म्हणून दारात बुखूर, म्हणजे अरबी धूप, लावायचा, ती ड्यूटी माझी.

पण अंकलचा खरा अवतार बघावा तो काढा उकळून झाल्यावर. ते पातेलं बाथटबमध्ये बर्फात ठेवायचं, कारण आमच्या नळाला गार पाणी येतंच कुठे? थंड झालं की मोठ्या डावाने एकाच दिशेने जोरात फिरवायचं आणि झाकण ठेवायचं. मग वीस मिनिटं कोणी पातेल्याला हात लावायचा नाही, जवळून चालायचंसुद्धा नाही. फिरून फिरून सगळा गाळ, तो पाला, ते फाटलेल्या दुधासारखे पांढुरके कण, मधोमध ढिगासारखे बसतात. पातेल्याला त्यांनी तळापासून दोन बोटं वर तोटी बसवून घेतली होती. ती हळूच उघडायची. स्वच्छ, तांबूस काढा नळीतून खालच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पिंपात उतरायचा. पिंपावर मार्करने अठरा लिटरची रेघ होती. रेघेपर्यंत आलं की तोटी बंद. तळाशी दोन लिटर राहायचे, गाळासकट. ते सिंकमध्ये.

"भांडं वाकडं करायचं नाही," ते दर वेळी सांगायचे. "भांडं वाकडं करणाऱ्याला घाई असते, आणि घाई असणाऱ्याने बीअर करू नये, बायको करू नये."

ते दोन लिटर सिंकमध्ये जाताना मला बघवायचं नाही. आमच्या घरी ताटात चार शितं राहिली तर आईचा हात पाठीत पडायचा. दूध तापवलेल्या पातेल्याची खरवडसुद्धा आम्ही भावंडं भांडून खायचो. आणि हा माणूस आठवडाभर खपून केलेलं दहा टक्के ओतून देतो! मी बोललो की ते हसायचे. "दात कोरून पोट भरत नाही, सातारा."

मग ते आजारपण आलं. जगालाच आलं होतं, तेव्हा त्याचं वेगळं काय सांगू. भाई आणि मी चार दिवसांत उठलो. अंकलही उठले, पण नाक गेलं. नुसतं नाक नाही, जीभही. मीठ कळेना, साखर कळेना. गरम आणि गार, एवढंच तोंडाला कळायचं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हॉटेलवाल्यांनी काही महिने वाट पाहिली, मग त्यांना खालच्या खोलीतून स्टोअरमध्ये बसवलं, चादरी आणि साबण मोजायला. त्यातही ते दोन वर्षं टिकले. मग माणसं कमी केली त्यात यांचं नाव. बावीस वर्षं, खलास.

डॉक्टरने त्यांना एक व्यायाम दिला होता. चार बाटल्या. एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत कॉफी, एकीत गुलाबपाणी. रोज सकाळी एकेक बाटली नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तो वास आठवायचा. मी ऑफिसला जायच्या घाईत बूट घालत असायचो. अंकल सोफ्यावर बाटल्या मांडून डोळे मिटून बसलेले. मी विचारायचो, "आलं?" ते म्हणायचे, "नाही." रोज. मी विचारायचं कधी चुकलो नाही आणि त्यांचं उत्तर कधी बदललं नाही. कधीकधी वाटायचं, विचारूच नये. पण नाही विचारलं तर ते माझ्याकडे बघत राहायचे.

बीअर मात्र सोडली नाही. फक्त आता चव बघायला मी होतो. "सांग," म्हणून ग्लास पुढे करायचे आणि मी सांगायचो, कडू आहे, पावासारखा वास येतोय, जरा केळ्यासारखं लागतंय. ते लहान पोरासारखे ऐकायचे आणि मान डोलवायचे. मला बीअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांनी शिकवलं. "तुझी जीभ म्हणजे आता माझी जीभ," म्हणायचे. मला मेल्याला त्याचा गर्व वाटायचा.

नोकरी गेल्यावर त्यांनी व्हिजिट व्हिसा घेतला आणि काम शोधायला लागले. साठीला आलेल्या, नाक नसलेल्या बारवाल्याला काम कोण देणार? पण एक दार उघडलं. अबू धाबीत एका ठिकाणी तिथल्या तिथे बीअर बनवायची परवानगी निघाली होती आणि तिथला मुख्य माणूस, एक गोरा, पूर्वी अंकलच्या हॉटेलात होता. तो फोनवर म्हणाला, मला तळघर सांभाळायला माणूस हवाय, तू घरी बनवायचास ना, एकदा आणून चाखव मला, मग बघू. व्हिसाचे अठ्ठावीस दिवस उरले होते. जव मोड आणून, भाजून तयार होते, पण पुढे बीअर व्हायला तीन आठवडे लागतात. म्हणजे संधी एकच. वसईला बायको होती, धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. अंकल मला म्हणाले, "हे झालं तर दोन वर्षं मिळतात, सातारा. तिचं शिक्षण होतं आणि तोवर नाकही येईल." नाकाचं त्यांनी गोऱ्याला सांगितलं नव्हतं. चाखायला मी होतो ना!

तो दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. दसऱ्याला मी श्रीखंड केलं होतं. परदेशात एकटा माणूस सणाला दुसरं काय करणार? दह्याचं मोठं डबडं आणलं, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर बाल्कनीत टांगलं, चक्का केला, साखर घातली, तिघांनी खाल्लं. अंकलनीही खाल्लं, "गार आहे" म्हणाले. फडकं मी साबणाने धुऊन दोरीवर वाळत टाकलं होतं. चांगलं पांढरंशुभ्र दिसत होतं.

त्या दिवशी अंकलनी सगळं आधीपेक्षा दुप्पट जपून केलं. पिंप दोनदा धुतलं, नळी उकळली, वीस मिनिटांच्या जागी अर्धा तास थांबले. काढा उतरला, इतका नितळ की पिंपाच्या पलीकडचं दिसावं. रेघेला टेकला आणि त्यांनी तोटी बंद केली. तेवढ्यात वसईहून फोन आला. घरात रेंज नीट नसायची म्हणून ते बाहेर पॅसेजमध्ये गेले. जाताना म्हणाले, "झाकण लाव घट्ट. पातेलं तसंच राहू दे, मी आलो की ओततो."

मी एकटा आणि पातेल्यात ते दोन लिटर. मध्ये गाळाचा ढीग आणि भोवती तांबूस पाणी. मनात आलं, या माणसाची ही शेवटची संधी आणि यातलं पण सिंकमध्ये? चार बाटल्या जास्तीच्या होतील की. हात साबणाने स्वच्छ धुतले. दोरीवरचं फडकं काढलं, पिंपावर धरलं, पातेलं वाकडं केलं. सगळा गाळ फडक्यात आला. मग चक्का पिळतात तसा पीळ देऊन देऊन पिळला. शेवटचा थेंबसुद्धा काढला. गाळ कचऱ्यात, पातेलं धुऊन पालथं, झाकण घट्ट. मला वाटलं, मोठं काम केलं!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

अंकल आले. त्यांची नजर सरळ पिंपावर गेली. पाणी रेघेच्या चांगलं वर होतं आणि मघाचं नितळपण गेलं होतं. "अठरा होतं ना?" ते म्हणाले.

सांगायला काय झालं होतं मला? पण त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून खोटंच निघालं. चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, "वीस होतं अंकल. तुम्हीच म्हणालात, या वेळी थोडं जास्त घेऊ. पातेलं मी धुऊन टाकलं."

ते पिंपाकडे बघत उभे राहिले. मग डोक्यावरून हात फिरवला. "असेल. हल्ली माझं काही खरं नाही." आणि ते खाली बसून त्यात यीस्ट घालायला लागले.

त्या वेळी बोललो असतो तर काय झालं असतं? सगळं ओतून देऊन दुसऱ्या दिवशी परत केलं असतं. भाजलेले जव शिल्लक होते, गोळ्या शिल्लक होत्या, दिवस शिल्लक होते. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही.

वीस दिवसांनी पहिली बाटली उघडली. ग्लास माझ्या हातात दिला, "सांग." नाकाजवळ नेला. आंबट दही. बाकी काहीच नाही, नुसतं आमच्या चक्क्याचं पाणी. फडकं धुतलं तरी विरजण त्यात होतंच, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. अंकल माझ्या तोंडाकडे बघत होते. व्हिसाचे आठ दिवस राहिले होते. आता सांगून काय उपयोग, नवीन होणार नाही, गोऱ्याला कदाचित आवडेल, अशी काय काय कारणं मी त्या एका घोटात शोधली. भेकड माणसाला कारणं फार पटकन सापडतात.

"छान झालीय अंकल," मी म्हणालो. "जरा लिंबासारखी."

"लिंबासारखी?" त्यांचे डोळे चमकले. "अरे, हे गोऱ्या लोकांना फार आवडतं! नवीन गोळ्या आहेत ना, त्यांचं असेल." आणि त्यांनी मला मिठी मारली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

सहा बाटल्या थर्माकोलच्या माशांच्या डब्यात बर्फाखाली ठेवल्या आणि वर एक सुरमई. वाटेत शारजा लागतं, तिथे दारूला पूर्ण बंदी, हे सापडलं तर मेलोच. भाई घेऊन जाणार होता. तो डब्याकडे न बघता म्हणाला, "त्यात मासा हाय, मला एवढंच माहीत हाय. काम होईल अंकल, इन्शाल्ला."

संध्याकाळी परत आले तेव्हा अंकल बूट न काढताच सोफ्यावर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी अर्धा ग्लास प्यायला आणि बोलायला लागले. गोऱ्याने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, तू स्वतः चाखलीस का ही? "मी काय खोटं बोलू, सातारा? आजवर त्याच्याशी खोटं बोललो नाही. सांगितलं, माझं नाक गेलंय. तो म्हणाला, नाक नसलेल्या माणसाला तळघर कसं देऊ?" अंकलनी ग्लास टेबलावर ठेवला. "बीअरबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही हं. बीअर छानच होती. बिघडलोय तो मी."

भाई दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

पाचव्या दिवशी शारजा विमानतळावर सोडायला गेलो. बॅगेत मोज्यात गुंडाळून त्यांनी एक बाटली ठेवली होती. "ही उघडणार नाही," म्हणाले. "नाक आलं की पहिला वास हिचा. तुझ्या लिंबाचा." मी सांगायचं ठरवून गेलो होतो. रात्रभर शब्द जुळवले होते. पण ते सारखे रांगेकडे बघत होते, पासपोर्ट चाचपत होते. मी म्हणालो, "पोचलात की फोन करा." झालं.

वसईला गेल्यावर त्यांचा रोज सकाळी मेसेज यायचा. एकच शब्द. "नाही." मी इथे बूट घालताना वाचायचो. सुट्टी नाही, सण नाही, चौदा महिने रोज "नाही." बायकोने एकदा फोन घेऊन सांगितलं की ते घरीच असतात, कोणाकडे जात नाहीत. मुलीचं शिक्षण मामाने उचललंय, त्याचं त्यांना फार लागलंय. आणि विसरायला लागलोय असं म्हणत असतात, प्रत्येक गोष्ट दोनदा बघतात. "पण विसरत काही नाहीत हो," ती म्हणाली. "सगळं लख्ख आठवतं. त्यांना उगीचच वाटतं." मी फोन कानाला धरून हो हो म्हणत राहिलो.

मग एका शुक्रवारी दुपारी मेसेज नाही, फोनच आला.

"सातारा! आलं रे!"

"काय आलं अंकल?"

"नाक! अरे नाक आलं माझं!" मागे बायको हसत होती, रडतही होती. सकाळी कॉफीच्या बाटलीने सुरुवात झाली म्हणे. मग घरभर फिरले. तिच्या डोक्याचं तेल, उशी, गटार, शेजारच्यांचं सुकं बोंबील. जीभही जागी झाली होती, मीठ चिमटीने खाऊन बघितलं. मला इतका आनंद झाला की मी जागचा उठून उभा राहिलो. खरंच सांगतो, त्या क्षणी दुसरं काही आठवलंच नाही.

"मग म्हटलं आता बाटली," अंकल म्हणाले. "तुला व्हिडिओवर घेऊन उघडायची होती, पण धीर कोणाला? उघडली, हळू ओतली, तळातलं बाटलीतच ठेवलं. नाकाजवळ नेली आणि काय आलं सांगू? दही!" ते खदखदा हसले. "म्हटलं, वर्षभर उकाड्यात राहिली म्हणून असेल. पण नाही, तसं नाही होत. जुनी झाली की पुठ्ठ्यासारखी लागते. दही म्हणजे पहिल्यापासून. पिंपात असतानाच गेलं असणार. मी तर सगळं उकळलं होतं. मग दही कुठून..."

बावीस वर्षं पाइपातला बिघाड हुडकणारा माणूस होता तो.

"तेव्हा दसरा होता ना?"

"हो."

"श्रीखंड केलं होतंस तू."

"हो अंकल."

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "अठराच होतं ना रे?"

मी म्हणालो, "अठराच होतं."

मला पुढचंही बोलायचं होतं, फडक्याचं, लिंबाचं, सगळं. पण मागून बायकोने जेवायला हाक मारली आणि ते म्हणाले, "बरं. वाढलंय. ठेवतो, काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना सवयीने फोन बघितला. मग ऑफिसला पोचल्यावर बघितला, दुपारी बघितला. आता वर्ष होत आलं, अजून बघतो. "नाही" सुद्धा आलेलं नाही.